वळिवड्याची पोलिश थडगी : उठून गेलेल्या धर्मग्रामात पूर्वजांचा शोध

१/
कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही थडग्यांवरील लिपी रोमन आहे, पण भाषा इंग्रजी नाही. ‘एल’ अक्षरावर तिरपी रेघ, ‘एस’च्या डोक्यावर काना दिल्यासारखी खूण, नावांच्या शेवटी ‘स्की’ आणि ‘स्का’. ही थडगी पोलंडच्या माणसांची आहेत. १९४३ ते १९४८ या काळात शहरापासून काही किलोमीटरवर, पंचगंगेच्या परिसरातील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्या छावणीविषयी अलीकडे बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत धाग्याचा विषय मात्र अधिक मर्यादित आहे : यांपैकी एखाद्या दगडाखाली आपली पणजी, मावशी किंवा दोन वर्षांचा काका असेल, तर त्या माणसाचा कागदोपत्री माग कसा काढावा?

२/
नागपूरच्या वाडीत बसून कोल्हापूरच्या थडग्यांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. या शोधाचा मोठा भाग थडग्यापासून दूर बसूनच करावा लागतो. पोलिश वंशजांची अडचण आपल्यापेक्षा निराळी नाही; त्यांचे आजोळ, त्यांचे जन्मगाव आणि त्यांच्या पूर्वजांची माती तीन वेगवेगळ्या देशांत आहे. शिवाय दफनभूमी वाचण्याची कला सर्वत्र सारखीच. आमच्याकडे कामठीच्या छावणीतील जुनी थडगी पाहिलेल्या माणसास कोल्हापुरात फारसे नवे शिकावे लागणार नाही, भाषा तेवढी वगळता.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत संघ पोलंडमध्ये घुसला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि समीकरण उलटले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की कराराने या लोकांना मोकळीक मिळाली. जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये हजारो स्त्रिया-मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तेथून काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिको व न्यूझीलंडला, आणि काही भारतात आली.

४/
भारतात दोन मोठी ठिकाणे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारली. ती १९४२ ची. दुसरी वळिवड्याची, कुटुंबांसाठी, १९४३ ची. कर्ते पुरुष बहुधा आंदर्स यांच्या सैन्यात गेलेले. त्यामुळे वळिवड्यात स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यास आली. म्हणून एकाच मुलाचा माग दोन संस्थानांच्या कागदांत काढावा लागतो.

५/
येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी पोलिशांना आश्रय दिला’ असे समाजमाध्यमांवर सर्रास लिहिले जाते. राजाराम महाराज १९४० मध्येच निवर्तले होते. छावणी वसली तेव्हा गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज अगदी लहान मूल होते. जागा कोल्हापूर संस्थानच्या हद्दीतील. पण छावणीची उभारणी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने केली आणि खर्चाचा भार लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारने उचलला. कोल्हापूरकरांनी या परक्या माणसांना आपुलकीने वागवले, यात शंका नाही, आणि ते श्रेय त्यांचेच. परंतु शोधकाच्या दृष्टीने हा तपशील कळीचा ठरतो. पैसा आणि हुकूम ज्याचे, कागद त्याच्याकडे. केवळ कोल्हापूर दरबारचे दप्तर धुंडाळणाऱ्याच्या हाती अर्धाच धागा लागेल.

६/
आता मूळ विषय : धर्मग्राम. आपल्या वसईकडचे कॅथलिक बांधव पॅरिशला धर्मग्राम म्हणतात. तोच शब्द वापरू.

पोलिश माणसाची वंशावळ म्हणजे मुख्यतः धर्मग्रामाच्या वह्यांची वंशावळ. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदीचा दंडक घातला आणि स्नानसंस्काराच्या नोंदीची शिस्त लावली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची वही जोडली. पुढे १९१७ च्या चर्च-संहितेने, ज्याखाली वळिवड्याचे पोलिश धर्मगुरू काम करीत होते, कलम ४७० मध्ये नियम स्पष्ट केला : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू या चार वह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, आणि त्यांची प्रत दरवर्षाच्या अखेरीस धर्मप्रांताच्या कचेरीत पाठवावी.

७/
याच कलमातील आणखी एक तरतूद संशोधकासाठी सोन्यासारखी आहे. माणसाचे दृढीकरण किंवा लग्न कोठेही होवो, त्याची टीप त्याच्या मूळ स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी, समासात करावयाची. म्हणजे जन्मगावच्या वहीतील एका ओळीच्या कडेला त्या माणसाचे पुढचे आयुष्य थोडक्यात उमटते. आपल्याकडे सात-बारावर फेरफार चढतो, तसाच हा प्रकार.

शांततेच्या काळात ही व्यवस्था सुरेख चालते. वळिवड्यात तिचा कणाच मोडला होता. कोल्हापुरात लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने टीप पाठवायची कोठे? पिन्स्कला? ल्वूफला? त्या वेळी तेथे जर्मन सैन्य होते, आणि युद्ध संपल्यावर ती गावे पोलंडमध्ये राहिलीच नाहीत. म्हणून वळिवड्याशी संबंधित माणसाची जन्मगावची नोंद सापडली आणि समास कोरा दिसला, तर तो माणूस अविवाहित होता असे अनुमान काढू नये. बऱ्याच वंशावळींत ही गफलत होते.

८/
स्थायिक झालेल्या पोलिश वस्त्यांशी तुलना केली म्हणजे वळिवड्याचे वेगळेपण उमगते. अमेरिकेत टेक्ससमधील पान्ना मारिया ही वस्ती १८५४ ची. शिकागोचा संत स्तानिस्लाव कोस्तका धर्मग्राम १८६७ चा. अशा ठिकाणी पोलिश लोकांनी चर्च बांधले, शाळा काढल्या, दफनभूमी घेतली आणि दर पंचवीस-पन्नास वर्षांनी स्मरणिका छापल्या. चार पिढ्यांच्या वह्या एकाच छताखाली मिळतात. वळिवड्याचे आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे. तेथेही चर्च होते, शाळा होत्या, रुग्णालय होते, नाटके होत होती, बालवीर पथके होती. लहान मुलांचे स्नानसंस्कार झाले, लग्ने लागली, माणसे गेली. मग १९४८ मध्ये सगळा धर्मग्राम उठून गेला. कागद माणसांबरोबर गेले. थडगी तेवढी मागे राहिली.

९/
म्हणून सुरुवात दगडापासून करावी. पोलिश थडगे वाचण्यास फार विद्वत्ता लागत नाही; चार-पाच खुणा पुरतात.

माथ्यावर बहुधा दोन अक्षरे असतात : ‘एस’ (खूण असलेला) आणि ‘पी’. हे ‘श्फ्यिंतेय पामिएंची’चे संक्षिप्त रूप, अर्थ ‘पवित्र स्मृतीतील’. आपल्या ‘कै.’चे सख्खे भावंड. पुष्कळ जण ही अक्षरे मृताच्या नावाची आद्याक्षरे समजतात आणि चुकीच्या नावाने शोध घेत बसतात.

‘यू-आर’ ही अक्षरे जन्मासाठी, ‘झेड-एम’ मृत्यूसाठी. ‘झिव’ किंवा ‘झिवा’ आणि पुढे आकडा असेल तर ते वय. पहिले रूप पुरुषाचे, दुसरे स्त्रीचे. शेवटी आत्म्याला शांती मागणारी ओळ असते. तिच्यात ‘येगो’ असेल तर मृत पुरुष, ‘येय’ असेल तर स्त्री. नाव झिजून गेले तरी एवढ्या एका शब्दावरून ते थडगे पुरुषाचे की स्त्रीचे, हे कळते.

१०/
आडनावांचे व्याकरण याहून महत्त्वाचे. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बनाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी, पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी किरा बनाशिन्स्का. घर एक, आडनाव एक, शेवटचा स्वर दोन. निर्वासितांच्या मदतकार्यात दोघांचाही मोठा वाटा होता. (किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि २००२ मध्ये हैदराबादेत वारल्या, हे जाता जाता.)

ज्या आडनावांच्या शेवटी ‘स्की’ नसते तेथे जुन्या वळणाच्या लोकांत आणखी बारकावा आढळतो. नोवाकची पत्नी नोवाकोवा, अविवाहित मुलगी नोवाकुव्ना. आपल्याकडे दगडावर ‘सौ.’ आणि ‘कु.’ लिहितात, ती माहिती येथे आडनावाच्या शेपटातच असते. दगडावर ‘उव्ना’ दिसले, तर तिचे लग्न झालेले नव्हते आणि ते तिच्या वडिलांचे आडनाव आहे, एवढे एका क्षणात हाती येते. तसेच ‘झ’ आणि पुढे बहुवचनी आडनाव असेल, तर ते तिचे माहेर. माहेर सापडले की वंशावळीचे दुसरे दार उघडते.

११/
मग दगडावरचे नाव इंग्रजी फायलीत कसे गेले असेल, याचा विचार करावा. वळिवडे छावणीचे प्रमुख कॅप्टन व्वादिस्वाव यागियेव्वोविच यांचे नाव घ्या. पोलिशमध्ये रेघ मारलेल्या ‘एल’चा उच्चार इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा होतो आणि ‘डब्ल्यू’चा आपल्या ‘व्ह’सारखा. हिंदुस्थान सरकारच्या कारकुनाकडे रेघ मारलेला ‘एल’ नव्हता, टंकयंत्रावरही नव्हता. त्याने साधा ‘एल’ टंकला; वाचणाऱ्याने ‘जगिएलोविक्झ’ वाचले. तोंडी सांगितलेले नाव कानावर पडेल तसे लिहिले असेल तर त्याचे रूप आणखी तिसरेच होणार. म्हणून प्रत्येक नावाची तीन रूपे आधीच कागदावर मांडून ठेवावीत : शुद्ध पोलिश, खुणा गाळलेले, आणि कानाने ऐकलेले.

१२/
तारखांचाही एक पेच आहे. रशियन साम्राज्यातील मुलुखात पहिल्या महायुद्धापूर्वी जुने, ज्युलियन पंचांग चालत असे. ते एकोणिसाव्या शतकात बारा आणि विसाव्या शतकात तेरा दिवसांनी मागे होते. त्यामुळे वळिवड्यात वारलेल्या एखाद्या आजीची जन्मतारीख दगडावर एक आणि जन्मगावच्या वहीत दुसरी, असे घडू शकते. फरक नेमका बारा किंवा तेरा दिवसांचा असेल तर बिनधास्त एकच व्यक्ती समजावी. त्याहून वेगळा असेल तर मात्र थांबून पाहावे.

१३/
दगड वाचून झाला. आता त्याचा कागद. कोल्हापूरपुरते दोन प्रश्न आधी सोडवावेत.

पहिला धर्मप्रांताचा. छावणीच्या काळी कोल्हापूर पुणे धर्मप्रांताच्या कक्षेत होते. २००५ मध्ये पुण्यातून सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला आणि कोल्हापूर जिल्हा तिकडे जोडला गेला. आजचा नकाशा पाहून पत्र लिहिणारा वंशज सिंधुदुर्गास लिहील. १९४४ सालच्या वार्षिक प्रतींची चौकशी पुण्याकडेही करावी लागते. शिवाय निर्वासित पोलिशांच्या धर्मसेवेची एक समांतर व्यवस्था पोलिश सैन्याचे बिशप युझेफ गाव्लिना यांच्या देखरेखीखाली होती. त्यामुळे एकाच लग्नाचा पुरावा स्थानिक धर्मप्रांत आणि पोलिश धर्मव्यवस्था या दोन्ही बाजूंनी शोधणे श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न दफनभूमीचा. कोल्हापुरातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्यातून वाढला. रॉयल वाइल्डर येथे १८५२ मध्ये आले. त्यामुळे ‘ख्रिस्ती दफनभूमी’ म्हणजे कॅथलिक दफनभूमी असे गृहीत धरून कोणाही चर्चच्या दारात जाऊ नये. जागा कोणाच्या ताब्यात आणि अंत्यविधी कोणी केला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१४/
आणि सगळे कॅथलिकही नव्हते. पूर्व पोलंड हा मिश्र मुलूख. रोमन कॅथलिकांखेरीज ग्रीक कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते, ज्यू होते. क्रुसाला एकाऐवजी तीन आडव्या दांड्या आणि खालची तिरपी असेल, तर पौर्वात्य परंपरेचा माणूस समजावा. त्याच्या जन्मगावची वही वेगळ्या चर्चची असणार. तेहरानला पोहोचलेल्या ज्यू मुलांपैकी अनेक जण १९४३ च्या आरंभी कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेले. इतिहासात ‘तेहरानची मुले’ म्हणून त्यांची नोंद आहे.

१५/
थडगे कोल्हापुरातच सापडेल असेही नाही. क्षयाच्या रुग्णांना पाचगणीला पाठवत; तेथे पोलिश थडगी आहेत. इराणहून येणाऱ्यांचा मुक्काम कराचीत पडे; तेथील गोरा कब्रस्तानातही आहेत. घरात ‘मामा हिंदुस्थानात वारला’ एवढीच आठवण शिल्लक असेल, तर आधी आजाराचे नाव विचारावे. छातीचा विकार असे उत्तर आले तर पाचगणी.

१६/
गावाचे नाव हा वेगळाच सापळा. पोलिश मंडळी गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेले निर्वासित वसवण्यात आले. ती वस्ती म्हणजे आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध. एका देशोधडीला लागलेल्या समाजाने रिकामी केलेली घरे दुसऱ्या तशाच समाजाला मिळाली. नागपुरात जरीपटक्याचे सिंधी बांधव पाहिलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

परंतु लंडनमध्ये जन्मलेल्या नातवाने नकाशावर ‘गांधीनगर’ शोधले तर तो थेट गुजरातच्या राजधानीत पोहोचतो. बालाचडीही गुजरातेतच; त्यामुळे त्याचा समज आणखी पक्का होतो. त्याला एवढेच सांगावे : मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे स्थानक शोध.

१७/
आता समुद्रापलीकडचे कागद. पोलिश सरकार लंडनमध्ये होते, म्हणून त्याचे दप्तर तेथील सिकोर्स्की संग्रहालयात पाहावे. आंदर्स यांच्या सैन्याने जमवलेल्या, रशियातील हद्दपारीच्या जबान्या कॅलिफोर्नियातील हूव्हर संस्थेत आहेत. त्यांत मुलांच्या हस्ताक्षरातील निबंधही आहेत. हद्दपार झालेल्यांची नाववार सूची वॉर्साच्या ‘कार्ता’ संस्थेने १९८८ पासून तयार केली आणि ती आता संगणकावर पाहता येते. तिच्यात वडिलांचे नाव, जन्मवर्ष आणि कोणत्या प्रांतात नेले हे मिळते. वडिलांचे नाव मिळणे म्हणजे निम्मे काम झाले.

मुंबईहून निघणारे ‘पोलाक व्ह इंदियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पोलिश माणूस’, हे नियतकालिकही विसरू नये. आणि छावणीतील मुलांनीच म्हातारपणी एकत्र येऊन लिहिलेला, २००० साली लंडनमध्ये निघालेला ‘भारतातील पोलिश, १९४२-१९४८’ हा जाडजूड ग्रंथ. माझ्या मते या विषयावर त्याला तोड नाही. भारतीय बाजूने अनुराधा भट्टाचार्य यांचे ‘द सेकंड होमलँड’ वाचावे.

भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील तत्कालीन परराष्ट्र खात्याच्या फायली आणि महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाचे कोल्हापूर कार्यालय ही दोन ठिकाणे. फायलींत वंशावळ नसते. पण कोण कोणत्या तुकडीतून आले, कोणास रुग्णालयात हलवले, कोणाच्या प्रवासाचे भाडे मंजूर झाले, अशी माहिती त्यांतच मिळते.

१८/
जन्मगावच्या वह्यांचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो, पण तो सुटतो. ल्वूफ आणि आसपासचा भाग आज युक्रेनमध्ये, व्हिल्नो लिथुआनियात, ग्रोद्नो व पिन्स्क बेलारूसमध्ये. युद्धानंतर पोलिश लोकसंख्या पश्चिमेकडे हलवली गेली तेव्हा पुष्कळ धर्मगुरू वह्या बरोबर घेऊन आले. बुग नदीपलीकडच्या या वह्यांचा मोठा संग्रह वॉर्सात आहे. शंभर वर्षांपलीकडच्या वह्या तेथील जुन्या अभिलेखांच्या मुख्य संग्रहालयात जातात. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील भागात नोंदी लॅटिनमध्ये, रकाने पाडून केलेल्या असतात. त्या वाचणे सोपे. रशियाच्या अमलाखालील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नोंदी रशियनमध्ये सापडतात. वळिवड्याच्या एका कुटुंबासाठी म्हणून पोलिश दगड, इंग्रजी फाइल, रशियन वही आणि लॅटिन रकाने असा चार भाषांचा प्रवास घडू शकतो.

१९/
जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीतील माणसांना सांभाळणारे सरकारच कागदावरून नाहीसे झाले. परतावे तर कोठे, हा त्यांचा प्रश्न होता; घर आता सोव्हिएत हद्दीत. सैन्यातील पुरुष ब्रिटनमध्ये पोहोचले होते, म्हणून १९४७-४८ मध्ये पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. काही पूर्व आफ्रिकेच्या छावण्यांत, तेथून ऑस्ट्रेलिया वा कॅनडाला. काही पोलंडला परतली. काही पोलिश मुलींनी येथील तरुणांशी लग्ने केली आणि त्या मराठी घरांत मिसळून गेल्या. अशा घरांतील नातवंडांसाठीही हा धागा आहे. आजीच्या पेटीतील पोलिश भाषेतला स्नानसंस्काराचा दाखला रद्दी समजून टाकू नका. त्यावर धर्मग्रामाचे नाव आणि बहुधा वहीतील अनुक्रमांक असतो.

२०/
कोल्हापुरात महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक आहे. छावणीच्या माजी रहिवाशांच्या संघटनेने ते १९९८ मध्ये उभारले. थडग्यांची डागडुजीही पोलिश बाजूने झाली आहे. तेथे जाणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. दगडावर खडू, पीठ किंवा तेल चोळू नये. अक्षरे उठून दिसतात, पण दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना छायाचित्र घ्यावे, झिजलेली अक्षरेही सावलीमुळे वाचता येतात. ऊन नसेल तर बाजूने विजेरी धरावी. एका थडग्याची किमान तीन छायाचित्रे : अक्षरांचे, पूर्ण दगडाचे, आणि शेजारच्या थडग्यांसह. एकाच आठवड्यात गेलेली आई आणि मूल पुष्कळदा शेजारी असतात, आणि आडनावाच्या शेवटच्या अक्षरातील फरकामुळे यादीत मात्र ती एकमेकांपासून दूर पडतात.

२१/
पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला घरोघरची माणसे दफनभूमीत जाऊन थडग्यांवर दिवे लावतात. कोल्हापुरातील कोणा वाचकाला त्या सुमारास जाणे झाले, तर थडग्यांचे अंतर मोजून एक साधा आराखडा काढावा, दगडावरील नावे खुणांसकट जशीच्या तशी उतरवावीत आणि ती खाली प्रतिसादात टाकावीत. रेघ मारलेला ‘एल’ कळफलकावर सापडला नाही तर कागदावर लिहून त्याचे छायाचित्र दिले तरी चालेल.